आधी प्रश्न ऐका, मग शास्त्र सांगा

१९८७ साली मालवणच्या समुद्राचा काही भाग अभयारण्य झाला. प्रवाळ राखायला हवेत, हे शास्त्राचे म्हणणे. मच्छीमारांनी मात्र विरोध केला. आमच्या मासेमारीचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून आधी प्रश्न ऐकावा, मग शास्त्र सांगावे.

उदाहरणार्थ, ट्रॉलरचे जाळे घ्या. त्याचे आस, म्हणजे जाळ्यातली छिद्रे, सहसा शंकरपाळ्यासारखे असतात. जाळे ओढले, की ते मिटतात. पिल्ले आत अडकतात. चौकोनी आस मात्र उघडे राहतात. पिल्ले निसटतात. पुढे मोठी होऊन तीच मासळी मिळू शकते. कुणी म्हणेल, सोपे केले की शास्त्र उथळ होते. तसे नाही. इथे कारणही आहे, परिणामही आहे. बंदरावर आणि मंत्रालयात हेच सांगावे. पण आधी प्रश्न ऐकावा, मग शास्त्र सांगावे.