दरवाजातले तिकीट आणि हौदाकाठचे तिकीट
(व्याख्यानाचा मजकूर)



करमणुकीच्या जागेत शिरताना एकदा पैसे मोजावे लागतात आणि आत गेल्यावर पुन्हा मोजावे लागतात, ही गोष्ट वरकरणी इतकी क्षुल्लक वाटते की तिच्यावर व्याख्यान कशाला, असे कोणीही विचारील. परंतु ज्या वस्तूसाठी दुसऱ्यांदा पैसे घेतले जातात ती वस्तू जिवंत प्राणी असेल, तर हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील ऑरलँडो येथे सी-वर्ल्ड नावाचे सागरी उद्यान आहे. दरवाजावर तिकीट काढले की ओर्का आणि डॉल्फिन यांचे खेळ गॅलरीत बसून पाहता येतात, काचेआडचे मासे पाहता येतात. मात्र डॉल्फिनच्या अंगावर हात ठेवायचा असेल किंवा पेंग्विनच्या अगदी जवळ जायचे असेल, तर त्याचे शुल्क निराळे. सी लायनच्या हौदाकाठी माशांचे लहानसे तबक विकत मिळते. ते संपले की दुसरे घ्यायचे. त्याच कंपनीने जवळच डिस्कव्हरी कोव्ह नावाचे दुसरे उद्यान २००० साली उघडले. तेथे दिवसाला ठरावीक संख्येनेच लोक घेतात आणि प्रवेशशुल्क साध्या उद्यानाच्या कितीतरी पट असते. त्यातही डॉल्फिनबरोबर पाण्यात उतरायचे असेल तर रक्कम आणखी वाढते. सारांश, पाहणे, जवळ जाणे, स्पर्श करणे आणि सोबत पोहणे अशा पायऱ्या पाडून प्रत्येक पायरीला स्वतंत्र किंमत लावलेली आहे.

या पायऱ्या कशा पडल्या ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. सागरी उद्यानाचा हा प्रकार सुरू झाला तो १९३८ साली, फ्लॉरिडातच, सेंट ऑगस्टीनजवळच्या मरीन स्टुडिओजमध्ये. पाण्याखालची चित्रपटदृश्ये टिपण्यासाठी बांधलेले ते हौद होते. प्रेक्षकांची गर्दी मागाहून लोटली. सॅन डिएगोचे सी-वर्ल्ड १९६४ साली उघडले. चार पदवीधर मित्रांच्या मनात आधी होते ते पाण्याखालचे उपाहारगृह. ते जमले नाही म्हणून उद्यान झाले. पुढे मालकी कोणाकडे गेली, तो क्रम बोलका आहे. १९७६ साली हार्कोर्ट ब्रेस जोव्हानोविच या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने ही उद्याने घेतली. १९८९ साली ती ॲनहायझर-बुश या बिअर बनवणाऱ्या कंपनीकडे गेली. २००९ साली ब्लॅकस्टोन या गुंतवणूकसंस्थेने ती विकत घेतली आणि २०१३ साली तिचे भाग शेअरबाजारात आणले. २०२४ साली कंपनीने स्वतःचे नाव बदलून युनायटेड पार्क्स अँड रिझॉर्ट्स असे ठेवले. पुस्तकवाला, बिअरवाला आणि वित्तव्यवहार करणारा अशा तीन हातांतून डॉल्फिन फिरला. मालकाचा धंदा बदलला, तरी प्रत्येक प्रेक्षकामागे मिळणारे उत्पन्न वाढवले पाहिजे हा धर्म बदलला नाही.

अर्थशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने १८४९ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. त्या डब्यांना छप्पर नसे, ते छपराला लागणारे थोडके पैसे वाचावेत म्हणून नव्हे. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्यात बसू नये, म्हणून तिसऱ्यातल्या उतारूला उन्हापावसात ठेवलेले असे. गरिबाला त्रास देण्याची इच्छा त्यात नव्हती. सधनाला भिववण्याची होती. त्रास मात्र गरिबाच्याच वाट्याला आला.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९७१ साली, वॉल्टर ऑय या अर्थशास्त्रज्ञाने डिस्नेलँडचे उदाहरण घेऊन हाच विषय पुढे नेला. डिस्नेलँडमध्ये त्या काळी दरवाजाचे तिकीट वेगळे आणि आतल्या पाळण्यांची कुपने वेगळी असत. ही पद्धत १९८२ साली बंद झाली. ऑयचा प्रश्न असा होता, की मक्तेदाराने पैसा दरवाजावर घ्यावा की पाळण्यावर? सगळी गिऱ्हाइके सारखी असतील, तर पाळण्याला जेवढा खरोखर जादा खर्च येतो तेवढाच आकार घ्यावा आणि बाकी सारे दरवाजावर वसूल करावे, हे मक्तेदाराच्या सोयीचे असते. पण गिऱ्हाइकांची हौस आणि ऐपत कमीअधिक असते. तेव्हा आतला आकार खर्चाच्या वर चढवला की ज्याच्या खिशात अधिक आहे त्याच्याकडून अधिक काढता येते. म्हणजे जादा शुल्क ही पुष्कळदा खर्चाची भरपाई नसते. ती गिऱ्हाइकांची वर्गवारी लावणारी चाळणी असते.

इथपर्यंत डिस्नेलँडचा पाळणा आणि सी-वर्ल्डचा डॉल्फिन यांत फरक नाही. फरक पुढे आहे, आणि तोच आजच्या विषयाचा गाभा आहे.

पाहणे ही अशी वस्तू आहे की एकाने पाहिले म्हणून दुसऱ्याचे पाहणे कमी होत नाही. गॅलरीत हजार माणसे बसली काय आणि तीन हजार बसली काय, डॉल्फिन उडी तितकीच मारतो. दरवाजातल्या तिकिटावर चालणाऱ्या उद्यानाला उत्पन्न वाढवायचे असेल तर बाके वाढवता येतात. प्राण्यावरचा भार तेवढ्याने वाढत नाही. स्पर्शाचे तसे नाही. एका माणसाचा हात ज्या क्षणी डॉल्फिनच्या पाठीवर असतो त्या क्षणी ती जागा दुसऱ्याला मिळत नाही. पाण्यात उतरणारी प्रत्येक तुकडी प्राण्याच्या दिवसातला वेगळा वेळ खाते. म्हणून स्पर्शाच्या विक्रीतून मिळणारे उत्पन्न दोनच मार्गांनी वाढते: एक तर त्याच प्राण्याचे अधिक तास घ्यायचे, नाहीतर अधिक प्राणी आणायचे. आकारणीची पद्धत बदलली की प्राण्याचे आयुष्य बदलते, ते या साध्या हिशेबामुळे.

पहिल्या मार्गाचा पुरावा अमेरिकेच्या सरकारी नियमावलीतच सापडतो. डॉल्फिनबरोबर पोहण्याच्या कार्यक्रमांसाठी तेथील कृषिखात्याने १९९८ साली नियम केले. एका प्राण्याचा लोकांशी संपर्क दिवसात दोन तासांपेक्षा अधिक असू नये. चोवीस तासांत सलग दहा तास तरी त्याला माणसांपासून मोकळीक असावी. जेथे कोणी पाठलाग करणार नाही अशी निवाऱ्याची जागा हौदात असावी. कामाचे तास, सलग विश्रांती, विसाव्याची जागा! इंग्लंडमधील १८४७ चा दहा तासांचा कायदा ज्याने वाचला आहे, किंवा मुंबईच्या गिरण्यांतील कामाच्या तासांचा लढा ज्याला ठाऊक आहे, त्याला ही भाषा चटकन ओळखू येईल. सरकारने न बोलता कबूल केले होते, की हा प्राणी खेळत नसून राबतो आहे. पण १९९९ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे वर्षही पुरे होण्यापूर्वी, या नियमांची अंमलबजावणी स्थगित करण्यात आली. गिरणीतल्या मजुराला निदान संप करता येत होता. डॉल्फिनला प्रत्येक कृतीमागे मासा मिळतो, आणि हौद सोडून तो कोठे जाऊ शकत नाही.

दुसरा मार्ग अधिक प्राणी आणण्याचा. २००३ साली सॉलोमन बेटांच्या समुद्रात पकडलेले २८ डॉल्फिन विमानाने मेक्सिकोतील कानकून येथे नेण्यात आले. पर्यटकांसोबत पोहण्याचा धंदा तेथे भरात होता. एका खंडातील सुट्टीची हौस दुसऱ्या टोकाच्या गरीब बेटांवरील कोळ्यांच्या जाळ्याला कशी बांधली जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

जादा शुल्काचा भार केवळ प्राण्यावरच पडतो असेही नाही. ऑरलँडोच्या उद्यानात ‘डाइन विथ शामू’ नावाचा कार्यक्रम असे. निराळे पैसे भरून ओर्काच्या हौदाशेजारी टेबल मिळे आणि जेवता जेवता प्राणी जवळून पाहता येई. २४ फेब्रुवारी २०१० रोजी अशाच एका कार्यक्रमाच्या अखेरीस टिलिकम नावाच्या ओर्काने प्रशिक्षिका डॉन ब्रँशो यांना पाण्यात ओढले आणि त्यांचा मृत्यू झाला. कामगारांच्या सुरक्षिततेचे सरकारी खाते त्यानंतर कंपनीवर खटला घेऊन गेले. आरंभीचा ७५ हजार डॉलरचा दंड पुढे १२ हजारांवर आला. पण प्रशिक्षक आणि ओर्का यांच्यात अडसर किंवा अंतर ठेवावे हा मुद्दा टिकला, आणि २०१४ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो उचलून धरला. कंपनीचे म्हणणे काय होते? प्राण्याशी जवळीक हाच या कामाचा आत्मा आहे, जोखीम प्रशिक्षकाने जाणून पत्करलेली आहे. कोळशाच्या खाणींचे मालकही एकेकाळी असेच बोलत. जेथे जवळीक हाच विक्रीचा माल असतो, तेथे सुरक्षित अंतर हा मालकाला तोटा वाटू लागतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही न्यायाने ऐकले पाहिजे. पहिला बचाव असा, की सधनांनी दिलेल्या जादा पैशातून प्राण्यांची निगा होते आणि सर्वांचे तिकीट आटोक्यात राहते. जखमी मॅनेटी, किनाऱ्याला लागलेले सी लायन यांना वाचवण्याचे काम ही उद्याने करतात, आणि ते काम खरे आहे. परंतु हौदाकाठी घेतलेला डॉलर त्या कामाला बांधलेला नाही. तो कंपनीच्या एकूण उत्पन्नात जातो, आणि त्यावर पहिला हक्क कर्ज देणाऱ्यांचा व भागधारकांचा असतो. जे काम सार्वजनिक कर्तव्य आहे ते एखाद्या कंपनीच्या नफ्यातून उरेल तेवढ्यावर सोडणे, हा दानधर्म झाला, व्यवस्था नव्हे.

दुसरा बचाव शिक्षणाचा. हात लावला की मुलांच्या मनात प्राण्यांविषयी माया उपजते, असे सांगतात. क्षणभर ते मानले, तरी प्रश्न उरतो की कोणाच्या मुलांच्या? अमेरिकेच्या १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने हे प्राणी पकडण्यावर बंदी घातली आणि सार्वजनिक प्रदर्शनासाठी परवान्याची वाट ठेवली. त्या वाटेला अटी आहेत: प्रदर्शनासोबत शिक्षणाचा किंवा संवर्धनाचा कार्यक्रम हवा, जागा नियमितपणे लोकांना खुली हवी, आणि प्रवेशशुल्काखेरीज दुसरा कोणताही अडसर प्रवेशाला नसावा. कायद्याचा आशय सरळ आहे. प्राण्याला समुद्रापासून तोडण्याचे एकच समर्थन होते, आणि ते म्हणजे सर्वांना होणारा लाभ. आता त्या लाभातला सर्वांत मोलाचा म्हणून जाहिरात केला जाणारा भाग दुसऱ्या तिकिटामागे ठेवला, तर कायद्याचे अक्षर कदाचित मोडत नसेल, पण ज्या कारणासाठी सूट मिळाली ते कारण मोडते. काचेला नाक लावून उभे असलेले एक मूल आणि पाण्यात उतरलेले दुसरे, यांपैकी पहिले काय शिकते? प्राणी पैशाने जवळ येतो, एवढेच.

तिसरा बचाव स्वेच्छेचा: कोणावर सक्ती नाही. पण प्रवासखर्च करून, रांगेत उभे राहून, दरवाजाचे तिकीट काढून कुटुंब आत आलेले असते. मुलाचा हट्ट सुरू होतो तो हौदाकाठी. त्या ठिकाणची स्वेच्छा आणि घरी बसून शांतपणे केलेली निवड एकाच मापाने मोजता येत नाहीत. कंपनीला हे माहीत असते. तबक विकणारी खिडकी म्हणूनच तेथे असते.

हा विषय परदेशातला म्हणून येथे दुर्लक्षिण्यासारखाही नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळच्या एका उद्यानाने बल्गेरियातून डॉल्फिन आणले. ते काही महिन्यांतच मेले. पुढे इतर राज्यांबरोबर महाराष्ट्रातही डॉल्फिनच्या उद्यानाची कल्पना निघाली. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये अशा उद्यानांना परवानगी न देण्याचे राज्यांना कळवले आणि हे दार बंद केले. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी येथे योजलेल्या सी-वर्ल्ड नावाच्या सरकारी पर्यटनप्रकल्पाला गावकऱ्यांनी विरोध केला तो जमिनीसाठी. आपली जमीन आणि किनारा यांना कोणीतरी दरवाजा बसवणार, हे त्यांना आधी दिसले. जगातही वारा फिरला आहे. कॅनडाने २०१९ साली देवमासे व डॉल्फिन यांना करमणुकीसाठी डांबण्याविरुद्ध कायदा केला. ज्या मेक्सिकोत ते २८ डॉल्फिन उतरले होते, त्या देशाच्या संसदेनेही २०२५ साली असे खेळ बंद करणारा कायदा संमत केला.

राहता राहिले ते आज हौदांत असलेले प्राणी. सी-वर्ल्डने २०१६ साली ओर्कांची पैदास थांबवल्याचे जाहीर केले. तरीही हौदात जन्मलेल्या प्राण्यांना समुद्रात सोडणे सोपे नाही. त्यातले काही पुढची कित्येक वर्षे तेथेच राहतील. त्यांच्यासाठी मागणी करायची ती व्यवहार्य असावी. तिकीट एकच असावे आणि ते दरवाजातले असावे. स्पर्शाची, पोहण्याची आणि भरवण्याची विक्री बंद व्हावी. स्थगित केलेले तासांचे आणि विसाव्याचे नियम पुन्हा लागू व्हावेत, आणि प्राणी वाचवण्याच्या कामाचा जमाखर्च कंपनीच्या नफ्यापासून वेगळा काढून लोकांसमोर ठेवला जावा. यांतली एकही गोष्ट क्रांतिकारक नाही. पण पहिली जरी अमलात आली, तरी डॉल्फिनचा दिवस तुकड्या-तुकड्यांनी विकण्यात कोणालाही फायदा उरणार नाही, आणि ज्यात फायदा नाही ते करण्याचा आग्रह कोणतीही कंपनी फार काळ धरीत नाही.