ड्रिल मशीनची तक्रार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या हस्तकला वर्गातले ड्रिल मशीन गेल्या पावसाळ्यात बिघडले, हे आपणांस ठाऊक आहेच. खटका जरासा दाबला की ते एकदम भरधाव सुटे. एका कारागिराने पाहिले आणि सांगितले, "मोटर जळली, नवीन घ्या." पण भगिनींनो, जी मोटर एवढ्या वेगाने फिरते, ती जळलेली कशी असेल? बिघडले होते ते तिला आवरणारे.

हे आवरणारे खटक्यातच बसवलेले असते. त्याचे नाव ट्रायॅक. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे १०० वेळा तिची अर्धी लाट येते. प्रत्येक लाटेला ट्रायॅक फाटकवाल्यासारखा थोपवून धरतो. फाटक उशिरा उघडले तर मोटर सावकाश, लवकर उघडले तर जोरात. तो शॉर्ट झाला की फाटक सताड उघडे! मग फळी गरकन फिरते, मनगट मुरगळते. असे मशीन वर्गात मुलींच्या हाती देणे धोक्याचे, म्हणून ते कपाटात बंद केले.

याच मुंबईत १९६०च्या दशकात माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर बंद पडला आणि दुरुस्ती होईना, तेव्हा त्यांचे यजमान इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्याकडच्या वाटणाला पुरा पडेल असा मिक्सर बनवला. तोच 'सुमीत'. मिक्सरची आणि ड्रिलची मोटर एकाच जातीची, कार्बन ब्रशवर चालणारी. तेव्हा हे यंत्र पुरुषमंडळींचे, असे मानण्याचे कारण नाही.

मशीन मुळीच फिरत नसेल तर आधी त्याच प्लगात टेबलदिवा लावून पाहावा. दिवा लागला तर वायर तपासावी. मुठीत शिरते तिथे ती आतून तुटते. नंतर कार्बन ब्रश. ठिणग्या उडणे, मध्येच थांबणे ही त्यांची लक्षणे. बदलायचे तर दोन्ही एकदम. उघडण्यापूर्वी प्लग काढावाच, आणि काढल्याबरोबर आतल्या कपॅसिटरला हात लावू नये. त्यात वीज साठून राहते.

खटका बहुधा सीलबंद असतो, म्हणून अख्खाच बदलावा लागतो. तारा सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढला. जुना खटका पिशवीत टाकून मुलुंडहून निघाले, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले. तिथला लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. भडकमकर मार्ग, असल्या सुट्या भागांचे माहेरघर. खटक्यावरचे व्होल्ट, अँपिअर आणि तारांच्या जागा जुळवूनच घ्यावे. नुसते "ड्रिलचा खटका द्या" म्हटले तर भलताच हाती येतो.

जोडल्यावर पहिली चाचणी सिरीज दिव्यावर घेतली. ओळखीच्या वायरमनने बोर्ड करून दिला होता. बल्ब जुना तारेचा, १०० वॉटचा हवा. एलईडी इथे कामाचा नाही. खटका न दाबताच बल्ब लागला तर जोडणी चुकली. दाबल्यावर तो लखलखीत पेटला आणि मोटर हललीच नाही, तर कुठेतरी शॉर्ट आहे. आपला बल्ब मंद लागला आणि मोटर हळूहळू फिरली.

मोटरमधून खरोखरच जळका वास येत असेल, तर मात्र ते रिवाइंडिंगवाल्याचे काम. त्याचा खर्च आधी विचारून घ्यावा. लहान मशीनला तो पुष्कळदा परवडत नाही. आपले मशीन सोमवारपासून वर्गात परत येत आहे.