तुलनेचे माप व नागरिकाचे कर्तव्य



परदेशवारी करून आलेला गृहस्थ तेथील रस्त्यांच्या शिस्तीचे गुणगान करतो आणि विमानतळावरून घरी येताना मोटारीचा पट्टा लावण्यास विसरतो. राष्ट्राराष्ट्रांची तुलना बहुधा अशी गप्पांपुरतीच होते. तुलना करावयाचीच, तर गज दोन्हीकडे एकच हवा.

सन 2022 मध्ये भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली; जपानमध्ये 2,610. हे आकडे असेच शेजारी ठेवणे न्यायाचे नाही, कारण भारताची लोकसंख्या जपानच्या अकरापटीहून अधिक आहे. म्हणून एकटा महाराष्ट्र घ्यावा. त्याची लोकसंख्या जपानच्या जवळपास, वाहने मात्र जपानहून कमी. तरी त्या वर्षी महाराष्ट्रात 15,224 बळी गेले. आणखी एक फरक आहे. जपानचा आकडा 24 तासांत दगावलेल्यांचा असतो, भारतात 30 दिवसांपर्यंतचे मृत्यू धरतात. ती तूट भरून काढली तरी जपान साडेतीन हजारांच्या आतच राहतो.

‘जपानी माणूस मुळातच शिस्तीचा’ असे म्हणून विषय संपविणाऱ्यांनी 1970 साल पाहावे. त्या वर्षी तेथे 16,765 माणसे रस्त्यावर मेली, आणि लोकसंख्या साडेदहा कोटींच्या आत होती. म्हणजे प्रमाण 2022 च्या महाराष्ट्राहूनही वाईट! जपानी लोक त्यास ‘वाहतूक युद्ध’ म्हणत. त्याच वर्षी वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा झाला. पदपथ, पादचारी पूल, सिग्नल यांवर सरकारने मोठा खर्च केला. दशक संपता संपता बळी जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे ते पुन्हा वाढले व पुन्हा उतरले. 2007 पासून तर मद्यपी चालकाबरोबर त्यास मद्य देणारा व जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणाराही शिक्षेस पात्र ठरला.

भारतात कायदा नाही, असे नव्हे. 2019 च्या दुरुस्तीने दंड वाढविले, जखमीस मदत करणाऱ्यास चौकशीच्या ससेमिऱ्यापासून संरक्षण दिले. खड्डे व गायब पदपथ हा शासनाचा दोष, आणि तो शासनाच्या पदरात घातलाच पाहिजे. परंतु 2022 च्या मृतांपैकी 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांतील 14,337 जण मागे बसलेले होते. मागे बसणारे बहुधा घरचेच असते: पत्नी, मुलगी, धाकटा भाऊ. दुचाकी घरातून निघते तेव्हा हेल्मेट एकच असते, आणि तेही पुष्कळदा आरशाला टांगलेले.