ब्रेसियरचे माप
दुकानात शिरून हलक्या आवाजात "३६ द्या" म्हणायचे आणि कागदात गुंडाळलेली वस्तू पिशवीत लोटून बाहेर पडायचे! ब्रेसियरची खरेदी आपण अशी करतो. मग भरल्या अंगाच्या बाईच्या खांद्यांवर वळ उठतात, मान भरून येते, आणि दोष ती स्वतःच्या अंगाला देते. दोष असतो मापाचा.

भार खांद्यांनी नव्हे, छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. तेव्हा घरीच टेपने दोन मापे घ्या : एक छातीच्या लगेच खाली, दुसरे सर्वांत भरलेल्या भागावरून. पहिल्यावरून पट्टा ठरतो, दोहोंतल्या फरकावरून वाटी. वाटी अपुरी पडली की आपण पट्टाच मोठा मागतो. तो पाठीवर वर चढतो आणि भार पुन्हा खांद्यांवर! ३८ बी आणि ३६ सी यांची वाटी जवळजवळ सारखीच असते, हे दुकानदार कुठला सांगायला बसलाय? नवी घेताना सर्वांत सैल आकड्यावर नीट बसेल अशी घ्या. रबर पुढे सैलावतेच. मधला जोड छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. वाळवा सावलीत, पण साडीखाली दडपून नको. तिथे ती दमट राहते.