रस्त्यावरची रांगोळी आणि दोन हात अंतर
(खडवली येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



साथ आली की काय काय बंद करायचे याची यादी लगेच होते. काय उघडे ठेवता येईल आणि तिथे बाईला जाता येईल का, हे कुणी विचारत नाही.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. डोंबिवलीत १९९९ पासून निघणारी नववर्ष स्वागतयात्रा त्या वर्षी निघाली नाही. (तिथल्या नऊवारी-नथीबद्दल माझे मतभेद आहेत, ते पुन्हा कधीतरी.) पण रस्त्यावरच्या त्या भल्यामोठ्या रांगोळ्या! तिकीट नाही, दार नाही. इथून लोकलने जाऊन बाईने निवांत उभे राहून पाहावे, असे दुसरे काय आहे आपल्याकडे?

उरली ती दारातली रांगोळी. तिला आपण कला म्हणतच नाही. वारली घरांत लग्नाचा चौक भिंतीवर लिहीत आल्या त्या सवाशिणी. चित्र कागदावर उतरून बाजारात गेले, तेव्हा नावे बहुतेक पुरुषांची झाली.

कोरोनाचा विषाणू मुख्यतः श्वासातून, कोंदट जागेत पसरतो. म्हणजे बंद सभागृहापेक्षा उघड्यावरची रांगोळी पाहणे कितीतरी सुरक्षित. धोका गर्दीचा. मग एकाच चौकात एक प्रचंड रांगोळी कशाला? गल्लोगल्ली लहान काढा, दोन-तीन दिवस राहू द्या, म्हणजे झुंबड उडणार नाही. मास्क लावा, दोन हात अंतर ठेवा, एकाच बाजूने पुढे सरका.

पण रस्ता अगदीच ओस पडला, तर साथीपासून वाचलेली बाई तिथे उभी राहू शकते का? आपली सुरक्षितता रस्त्यावर इतर बायका असण्यात आहे. शिवाय वेळ. २१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व स्त्रियांना लोकल खुली झाली, ती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. सकाळच्या पाळीला जाणारीने काय करायचे? अन् रात्री परतणारीने अंधाऱ्या फलाटावर?

तेव्हा येत्या महिला ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. पुन्हा साथ आली, तर स्टेशनच्या वाटेवरचे दिवे चालू राहतील का, बायकांचे शौचालय उघडे राहील का, बाहेर पडण्याच्या वेळा ठरवताना बायकांना विचारले जाईल का, हे तीन प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत मागून घ्या.