एका देवळाला एक तास



रविवार जवळ आला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या घराघरांत बेत सुरू होतात. शेगावला जाऊन गजानन महाराजांचं दर्शन, बाहेर पडल्यावर गरम कचोरी आणि सोबत तळलेली मिरची. खामगावात किंवा बुलढाण्यात एखादा सिनेमा. पाहुणे आले असतील तर लोणारचं सरोवर, नाहीतर सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि बाहेरगावची मंडळीही मेहकर, सिंदखेडराजाकडे सहज वळू लागली. लोकांचं फिरणं वाढलं, याचा मला मनापासून आनंद आहे. एक गोष्ट मात्र मनाला लागते. सिनेमाला आपण अडीच तास देतो आणि आठशे वर्षांचं देऊळ दहा मिनिटांत उरकतो. चपला काढल्या, घंटा वाजवली, हात जोडले, दारात एक फोटो काढला, की चला पुढे. म्हणून आज तुमच्याकडे एकच मागणं आहे. एका देवळाला एक तास द्या. तो तास कसा घालवायचा, तेवढं मी सांगतो.

देऊळ घेऊ लोणारचं, दैत्यसूदनाचं. लोणारला येणारे बहुतेक लोक थेट विवराच्या काठावर जातात. जावंच. उल्केच्या आघाताने काळ्या बेसाल्टमध्ये झालेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डा डोळ्यांत मावत नाही. पण दैत्यसूदनाचं देऊळ खाली विवरात नाही, ते गावात आहे, म्हणून अनेकांचं राहून जातं. विष्णूने लवणासुराला मारलं, त्या कथेचं हे देऊळ. चालुक्य-यादवांच्या काळातलं.

पोहोचलात की लगेच आत शिरू नका. आधी बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घाला, तीही सावकाश, भिंतीपासून पाच-सहा हात लांब राहून. तुमच्या लक्षात येईल की ही भिंत सरळ जातच नाही. ती पुढे येते, मागे सरते, पुन्हा कोन काढून पुढे येते. हे देऊळ तारकाकृती आहे. ही तारका कशी आखतात ते घरच्या घरी करून पाहता येतं. एक चौकोनी पुठ्ठा घ्या, बरोबर मध्ये टाचणी टोचून तो कागदावर ठेवा आणि त्याचे कोपरे पेन्सिलीने आखा. मग पुठ्ठा थोडासा फिरवा, पुन्हा कोपरे आखा. असं करत गेलात की कागदावर चांदणी उमटते. त्या काळच्या सूत्रधाराने, म्हणजे मुख्य स्थपतीने, हेच काम खुंटी आणि दोरीने जमिनीवर केलं, आणि मग त्या रेषेवर टनावारी दगड उभे केले.

हा सगळा खटाटोप कशासाठी? सपाट भिंतीवर ऊन पडलं की ती एकसारखी उजळते आणि एकसारखीच मावळते. कोनाकोनांच्या भिंतीवर मात्र एक पैलू उन्हात असतो, शेजारचा सावलीत. तुम्ही चालता तसतशी एकेक मूर्ती कोनाआडून पुढे येते, क्षणभर समोर राहते आणि मागे जाते. सिनेमात पट्टी फिरते आणि आपण बसून असतो. इथे चित्रं जागच्या जागी आहेत आणि फिरायचं आपण. म्हणूनच एका जागी उभं राहून हे देऊळ कधी दिसत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. भर दुपारी ऊन डोक्यावर असलं की कोरीवकाम चपटं वाटतं.

आता खालून वर पाहा. सगळ्यात खाली जगती, म्हणजे देवळाचा चौथरा. तो इथे दीड मीटरच्या आसपास उंच आहे. त्यावर आडव्या थरांची बैठक. तिच्यावर मूर्तींची भिंत. या आडव्या थरांकडे कोणी पाहत नाही, पण माझ्या मते देवळाची खरी ऐट तिथेच असते. एक थर धारदार, एक गोलसर, एक आत दबलेला. दबलेल्या थरात सावलीची एक काळी रेघ उभी राहते आणि तिच्यामुळे वरचा एवढा मोठा भार हलका वाटायला लागतो. वर शिखर मात्र नाही. ते पुरं झालंच नसावं. त्या काळच्या शिखराचा थाट पाहायचा असेल तर सिन्नरचा गोंदेश्वर पाहा.

अशा देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातला, यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री. अंबरनाथचं शिवमंदिर तर १०६० सालचं, त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. म्हणजे रीत जुनी, नाव नंतरचं. ती रीत कोणती? चुना नाही, दगडावर दगड नीट घासून बसवलेला आणि कमान नाही. खांब, त्यावर तुळई, तुळईवर छत. दगड दाबाला फार टिकतो, पण वाकायची वेळ आली की तडकतो. त्यामुळे दगडी तुळई फार लांब टाकता येत नाही आणि खांब जवळजवळ घ्यावे लागतात. आत शिरल्यावर जी दाटी आणि जो काळोख जाणवतो, त्याचं कारण यात आहे. कारागिराने ही अडचण पदरात घेतली आणि तिचाच उपयोग केला: उजेडातून अर्ध्या उजेडात, तिथून गाभाऱ्याच्या अंधारात, असं तो आपल्याला पायरी पायरीने नेतो.

उंबऱ्याशी थोडं थांबा. जुन्या देवळांच्या उंबऱ्यावर पुष्कळदा वटारलेल्या डोळ्यांचं, दात दाखवणारं एक तोंड कोरलेलं असतं. ते कीर्तिमुख. शंकराच्या सांगण्यावरून स्वतःचंच अंग खाऊन टाकलेला तो गण, उरलं ते फक्त तोंड. आणि शंकराने त्याला आपल्या दाराशी मानाची जागा दिली. मग खांबाकडे वळा. खाली चौकोनी, वर अष्टकोनी, त्याच्या वर गोल, असे आकार बदलत जातात. खांबाच्या माथ्यावर छताचा भार पेलणारे बुटके, पोट सुटलेले कीचक दिसले तर त्यांचे चेहरे बघा. कोणी दमलाय, कोणी हसतोय.

आणि मान वर करा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण छत न पाहताच लोक परत जातात. चार तुळयांनी एक चौकोन झाला. त्याच्या चारी कोपऱ्यांवर तिरके दगड टाकले की आत लहान चौकोन उरतो, फिरलेला. त्यावर पुन्हा तसेच दगड, अजून लहान चौकोन. असं आवळत नेत शेवटच्या पोकळीवर एक दगड बसवायचा आणि त्यावर बहुधा कमळ कोरायचं. जुन्या देवळांतल्या छतांची ही नेहमीची युक्ती. दैत्यसूदनाच्या छतात तर कथाच कोरल्या आहेत, नरसिंहाने हिरण्यकशिपू मारल्याची, कृष्णाने कंस मारल्याची. आत उजेड कमी. मोबाइलची बॅटरी लावाल, पण ती समोरून रोखू नका. बाजूला धरा, प्रकाश तिरपा जाऊ द्या. समोरून मारलेल्या झोतात सगळं पांढरं पडतं. तिरप्या उजेडात बोटं, दागिने, कधीकधी छिन्नीचे घावसुद्धा उठून दिसतात. हात मात्र लावू नका. हाताचा तेलकटपणा दगड धरून ठेवतो.

आता मूर्ती. त्यासाठी मेहकरला चला, पैनगंगेकाठच्या शारंगधर बालाजीकडे. अकरा फुटांच्या घरातली, एकाच काळ्या पाषाणातली ही विष्णुमूर्ती १८८८ साली जमिनीखाली सापडली. ती विलायतेला जायची होती, गावाने ती जाऊ दिली नाही, असं मेहकरकर आजही अभिमानाने सांगतात. विष्णूच्या मूर्तीचे हात वाचायला शिका. चार हात, चार वस्तू: शंख, चक्र, गदा, पद्म. चार वस्तू चार हातांत चोवीस प्रकारे देता येतात, आणि आपल्या शास्त्राने त्या प्रत्येक प्रकाराला एक नाव दिलं आहे. संध्येतली चोवीस नावं तीच. क्रम मोजायचा तो मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून, मग उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा दिसलं तर रूपमंडन ग्रंथाप्रमाणे तो केशव. तेच पद्म, गदा, चक्र, शंख असलं तर त्रिविक्रम. ग्रंथाग्रंथांत थोडा फरक आहे, पण क्रम टिपण्याची सवय लागली की कुठल्याही गावातली विष्णुमूर्ती तुमच्याशी ओळखीने बोलू लागते. मेहकरच्या मूर्तीचे हात मी सांगत नाही. तुम्ही जाऊन पाहा आणि पोरांना विचारा.

शेवटी दगडाबद्दल. आपली कितीतरी मुलं आज बंगळुरूला नोकरीला आहेत. शनिवार-रविवार आला की ती तिथल्या दर्शिनी हॉटेलात इडली-वडा खाऊन बेलूर-हळेबीडची होयसळांची देवळं पाहायला जातात आणि तिथले फोटो घरी पाठवतात. मूर्तीच्या गळ्यातला मणी न् मणी मोजता येईल असं ते काम. फोटो पाहून घरचे म्हणतात, आपल्याकडे असं नाही. त्याचं कारण दगडात आहे. तिकडचा क्लोराइट शिस्ट खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, बारीक छिन्नी मानतो आणि हवेत हळूहळू घट्ट होतो. आपला बेसाल्ट पहिल्यापासून कठीण, त्यात जागोजागी बारीक छिद्रं. त्यामुळे इकडच्या कारागिराने बारकाव्यापेक्षा घाट, कोन आणि सावली यांवर भर दिला. त्याला कमी लेखणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि गंमत पाहा. जून २०२४ मध्ये सिंदखेडराजाला जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या समाधीजवळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम चालू असताना सव्वादोन मीटर खोलीवर एक मूर्ती निघाली. शेषशायी विष्णू, पायाशी लक्ष्मी, आणि फलकावर समुद्रमंथन, त्यातून निघालेला घोडा आणि ऐरावत. लांबी १.७० मीटर, उंची एक मीटर. दगड क्लोराइट शिस्ट, आपल्या मातीतला नव्हे. अशा मूर्ती दक्षिणेत होयसळांच्या प्रदेशात घडत, असं पुरातत्त्व अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं. म्हणजे ज्या कलेसाठी आपली मुलं हळेबीडला जातात, तिचा एक नमुना आपल्या सिंदखेडराजाच्या मातीत होता.

तेव्हा येत्या रविवारी लोणारला किंवा मेहकरला जा. सोबत भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली आणि मुलांसाठी कोरी वही असू द्या. वहीत त्यांना फोटोऐवजी भिंतीचे कोन काढायला सांगा. आणि परत आल्यावर आपल्या गावच्या पारावर, आडाच्या काठाशी, मारुतीच्या देवळामागे पडलेले कोरीव दगड एकदा नीट पाहा. त्यांच्यावर ऑइलपेंट चढवू नका, ते घराच्या पायात घालू नका. शेत नांगरताना किंवा पाया खोदताना मूर्ती लागली तर ती आहे तिथेच राहू द्या आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. तसं कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकच आहे.