यवनांचा मूळ देश



‘यवन’ हा शब्द आपल्याला बखरींनी शिकविला. तेथे तो बहुधा मुसलमानी फौजेला उद्देशून येतो आणि त्यात वैराचा दर्प असतो. पण येथून नारायणगावावरून जुन्नरला जा. हाच शब्द तेथे लेण्यांच्या खडकात कोरलेला सापडेल. त्या अक्षरांना अठराशेहून अधिक वर्षे झाली, आणि ती कोरवून घेणारी माणसे स्वतःलाच यवन म्हणवीत होती. हे यवन मूळचे कोठले, ते आज पाहावयाचे आहे.

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, एजियन समुद्राला लागून, आयोनिया नावाची एक चिंचोळी पट्टी होती. तीत ग्रीकांची बारा नगरे. पैकी सामोस व खिओस ही बेटांवर. कोकणाशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. पण आपल्या घोड, कुकडी समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला भीमेकडे जातात, म्हणून तर नाणेघाट फोडावा लागला. आयोनियातल्या हेर्मस, कायस्टर, मिअँडर या नद्या उलट पश्चिमेला, थेट समुद्राकडे वाहतात. त्यांची खोरी हाच व्यापाराचा रस्ता. मिअँडर तर इतकी नागमोडी, की इंग्रजीत वळणे घेत जाण्याला तिचेच नाव पडले. तिच्या मुखाशी मिलेटस हे नगर होते. सृष्टीचे मूळ पाणी आहे असे सांगणारा थेलीस तेथलाच. नदीने नगर श्रीमंत केले आणि नदीनेच ते संपविले : गाळाने बंदर भरून आले, आणि आज मिलेटसच्या अवशेषांपासून समुद्र कित्येक किलोमीटर दूर आहे.

आता हे नाव आपल्याकडे आले कसे? शिकंदराबरोबर, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ते त्याच्या आधीचे आहे. इ. स. पू. ५४६ च्या सुमारास इराणी सम्राट कुरुश याने आयोनिया जिंकला. इ. स. पू. ४९९ मध्ये आयोनियनांनी बंड केले, ते ४९४ मध्ये मिलेटसच्या पाडावाने मोडले. इराणी लोक आयोनियनांना ‘यौन’ म्हणत, आणि पुढे सर्वच ग्रीकांना तेच नाव लावू लागले. सम्राट दार्याच्या शिलालेखांत त्याच्या मुलखांची यादी आहे. तीत यौनही आहे, गंधारही आहे आणि सिंधूकाठही आहे. एकाच दरबारात दोन्हीकडले लोक खंडणी घेऊन येत. तेथून संस्कृतात ‘यवन’ आणि प्राकृतात ‘योन’ झाले असावे. पाणिनीला हा शब्द ठाऊक आहे. अशोकाच्या शिलालेखांतही योन आहेत.

जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे तीन दानलेख आहेत. चिताने संघाला भोजनमंडप दिला. चंदाने मानमोडी डोंगरातल्या चैत्याचे गर्भद्वार दिले. आत तो चैत्य अपुराच राहिला. इरिलाने पाण्याची टाकी दिली. नाशिकच्या पांडवलेण्यांत दात्तामित्रीहून आलेला एक योनक आहे. त्याचे नाव इंद्राग्निदत्त आणि बापाचे धर्मदेव!

ही माणसे रक्ताने ग्रीक होती काय, यावर विद्वानांचे वाद आहेत. इरिल व चित यांना थेट जर्मन वंशाचे गॉथ ठरविण्यापर्यंत मजल गेली. मला ती ओढाताण वाटते. लेख ब्राह्मी लिपीत, भाषा प्राकृत, श्रद्धा बुद्धावर. आयोनियाचा किनारा यांपैकी कोणी पाहिला असेल असे वाटत नाही. तरीही नाव त्यांनी टाकले नाही, आणि येथल्या भिक्षुसंघाला त्याचे वावडे वाटले नाही. सामान्य गृहस्थांच्या दानांशेजारीच, तशाच अक्षरांत, त्यांची दाने नोंदली गेली.

इरिलाचा लेख तर एका ओळीचा. टाकी किती दिली, हे त्यात ‘बे पोढियो’ अशा शब्दांत सांगितले आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके. आणि ‘बे’ म्हणजे दोन, हे ‘बे एके बे’ घोकून मोठे झालेल्या मंचरकरांना मी सांगावयास नको.